एक्कावन्न किलोंची जागा

माझे बाबा माणसाकडे आधी वजन म्हणून बघायचे. नाव, नातं, ओळखपाळख हे सगळं नंतर. दारात कुणी उभं राहिलं की त्यांची नजर खांद्यांवरून पोटावर आणि पोटावरून बुटांवर उतरायची, आणि मनातल्या मनात आकडा पडायचा. मी लग्नाचं ठरवलं तेव्हा त्या मुलाला पहिल्यांदा घरी आणलं. तो गेल्यावर विचारलं, कसा वाटला? बाबा म्हणाले, "बहात्तर. चष्मा धरून." आई तेव्हा नव्हती. ती असती तर तिने या उत्तराचा अर्थ मला लावून दिला असता.

त्यांना सगळे काटेकाका म्हणायचे. हे काही आमचं आडनाव नव्हे. आमच्या गावाबाहेर एक धावपट्टी होती, तिच्या टोकाला पत्र्याच्या छपराची एक खोली, आणि त्या खोलीत हिरवा रंग उडालेला एक लोखंडी वजनकाटा. त्या काट्यामागे बाबा चौतीस वर्षं बसले. गाव डोंगरांच्या आत. मोठ्या शहराला सडकेनं जायचं तर डोंगराला वळसे घालत, दोन बस बदलत अठरा तास. विमानानं पन्नास मिनिटं. विमान म्हणजे नऊ सीटचं, दोन इंजिनांचं, आठवड्यातून तीन दिवस येणारं. त्यात कोण बसणार, कुठे बसणार, कुणाची पेटी राहणार, हे बाबा ठरवायचे आणि कॅप्टन सही करायचे. बाबा माणसांना वर पाठवण्याचं काम करतात, असं आई नवीन शेजाऱ्यांना अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायची आणि त्यांची तोंडं बघत बसायची.

लहान विमानात वजन किती एवढंच विचारून भागत नाही, ते कुठे हेही बघावं लागतं. पुढे जास्त झालं तर नाक उचलत नाही. मागे जास्त झालं तर नाक खाली यायचं नाव घेत नाही, आणि ते जास्त वाईट. त्यामुळे बाबा नवरा-बायकोची ताटातूट करायचे, सावकाराला पुढे आणि त्याच्या मुनीमाला मागे बसवायचे, आणि कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, हवेत गेल्यावर मान एकच, तोलाची. ही सवय घरापर्यंत आली होती. बाकावर आम्ही तिघं बसलो की ते आपोआप मधे बसत. आई म्हणायची, तुम्ही उठलात तर आम्ही दोघी उलटणार आहोत का?

पेट्या काट्यावर चढायच्या, माणसं नाही. चारचौघांत कुणाला काट्यावर उभं करणं बरं दिसत नाही, म्हणून वजन तोंडी विचारायचं अशी पद्धत होती. आणि तोंडी वजन कुणी खरं सांगत नाही. बायका पहिल्या बाळंतपणाआधीचं सांगतात, पुरुष पोट आत ओढून सांगतात. बाबा मान डोलवायचे, "हो का, बरं" म्हणायचे आणि स्वतःच्या नजरेला आलेला आकडा लिहायचे. ती नजर किलोभरानंही चुकत नसे. मी लहानपणी शेजारपाजारच्यांना धान्याच्या दुकानातल्या काट्यावर चढवून खात्री करून घेतली आहे.

आणि त्या खऱ्या आकड्यात बाबा माणशी आणखी तीन किलो मिळवायचे. हे कुठल्या नियमात नव्हतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कडक दुपारी भरलेलं विमान धावपट्टीच्या शेवटच्या कुंपणावरून जेमतेम गेलं होतं आणि चाकाला कुंपणाची तार घेऊन शहरात उतरलं होतं. कुणाला काही झालं नाही. पण बाबांनी ती तार पुढच्या फेरीला परत आलेली पाहिली, आणि तेव्हापासून हे तीन किलो. कॅप्टननाही ठाऊक नव्हतं. मला सांगितलं होतं, तेही कुणाजवळ बोलायचं नाही या अटीवर. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते आणि एवढं मोठं गुपित सांभाळायला मिळालं म्हणून आठवडाभर फुशारून होते.

विमान कसं चालतं हे बाबांना कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून ते शिकले. नवख्या माणसाला वाटतं, वारा पाठीमागून असला तर बरं, ढकलेल तरी. बाबा त्याला सांगायचे, एखादा पत्रा डोक्यावर आडवा धरून वाऱ्यात चालून बघा. वाऱ्याला पाठ करून चाललात तर काही होत नाही. वाऱ्याकडे तोंड करा आणि पत्र्याची पुढची कड जराशी उचला, पत्रा तुम्हाला घेऊन जायला बघतो. म्हणून विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उठतं. उतरताना जमिनीपासून हातभर वर ते उगाच तरंगत राहतं, चाकं टेकता टेकत नाहीत, कारण जमीन जवळ आली की पंखाला हवेची साथ जास्त मिळते. हेही त्यांनी खिडकीतून बघूनच ठरवलेलं. पुढे मी शहरात विज्ञानाची शिक्षिका झाले. आमच्या पुस्तकात लिहिलं होतं की पंखाच्या वरची हवा लांबचा रस्ता घाईघाईनं कापून खालच्या हवेला पलीकडे गाठते, म्हणून विमान उचललं जातं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "गाठायला कशाला जाईल? त्यांचं भेटायचं ठरलंय का?" मग म्हणाले, विमान डोक्यावरून गेलं की धूळ खाली दबते ती बघ, पंख हवेला खाली लोटतो, हवा पंखाला वर लोटते, एवढी साधी गोष्ट आहे. त्या वर्षी मी मुलांना पुस्तकातलं शिकवलं नाही आणि मुख्याध्यापकांची बोलणी खाल्ली.

धावपट्टीच्या कडेनं वीस-वीस मीटरवर चुन्यानं रंगवलेले दगड होते. बाबांची खुर्ची अशी ठेवलेली की सगळे दगड दिसावेत. विमान सुटलं की ते चाकांकडे बघत आणि चाकं कितव्या दगडाला जमीन सोडतात ते मोजत. थंडीच्या सकाळी बाविसाव्या दगडाला उठणारं विमान उन्हाळ्याच्या दुपारी तेवढ्याच वजनाला तिसाव्या दगडापर्यंत धावायचं. तापलेली हवा विरळ होते, पंखाला आणि इंजिनाला दोघांनाही कमी पडते. म्हणून भिंतीवर एक पिवळा पडलेला तक्ता होता: इतकी उष्णता, इतका वारा, तर इतकंच वजन आणि इतक्या अंतरात उड्डाण. परत आल्यावर कॅप्टन चहाला खोलीत येत आणि बाबा त्यांना सांगत, मागच्या फेरीला सव्विसाव्याला उठलात. कॅप्टन म्हणत, माझ्या बायकोकडे लागत नाही एवढी हजेरी तुमच्या वहीत लागते माझी. वही नव्हतीच, सगळं डोक्यात होतं.

मी एकोणीस वर्षांची असताना आईच्या हृदयाची झडप निकामी झाली. दुखणं जुनं होतं, ती कपडे शिवता शिवता मधेच मशीन थांबवून छातीला हात लावायची आणि कुणी पाहिलं तर दोरा तुटला म्हणायची. पण त्या आठवड्यात तिचे पाय सुजले, तिला आडवं झालं की श्वास घेता येईना. गावच्या दवाखान्यातले डॉक्टर सरळ बोलणारे होते. ते म्हणाले, आज शहरात पोचल्या तर ऑपरेशन होईल, वाचतीलही. सडकेनं नेऊ नका, वाटेतच जातील.

त्या दिवशी विमान होतं. आठ तिकिटं गेलेली. डोक्याची बाजू उचललेलं स्ट्रेचर घालायचं तर तीन सीट काढाव्या लागतात, शिवाय नर्सबाई, शिवाय ऑक्सिजनचं सिलिंडर. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेरच्या थर्मामीटरचा पारा बेचाळीसवर होता आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी काठीला मेल्यासारखी लोंबत होती. संध्याकाळी सहानंतर हवा थंड झाली असती, मग सगळे बसले असते. डॉक्टर म्हणाले, सहापर्यंत थांबू नका.

बाबांनी त्या दिवशीचं वजन कसं लिहिलं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. त्यांचा हात थरथरत नव्हता, याचा मला तेव्हाही राग आला. सगळ्या पेट्या, टपालाची थैली, फळांच्या करंड्या खाली ठेवल्या. प्रवाशांना त्यांनी हात जोडून विचारलं, आणि पाच जण लगेच बाजूला झाले. तिघं राहिले: डोळ्यांच्या ऑपरेशनला निघालेले एक आजोबा, त्यांना धरून नेणारी सून, आणि कोर्टातला एक कारकून. अठ्ठ्याऐंशी किलोचा. त्याच्याजवळ तारखेचे कागद होते. त्याला बाबांनी एकदा विचारलं, तो स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला, आणि बाबांनी पुन्हा विचारलं नाही. मी पुढे झाले तर त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, तिकीट त्यांचं आहे. त्या माणसाचे बूट मला आजही दाखवले तर ओळखता येतील.

मग बाबांनी कॅप्टनना विचारलं, इंधन कमी घेता येईल का? कॅप्टन म्हणाले, शहरावर धूळ उडतेय, उतरता आलं नाही तर परत फिरायला लागेल, कमी नाही करता येणार. त्यांनी इंधनाचा आकडा सांगितला, बाबांनी लिहिला, तक्त्याजवळ जाऊन बोटानं रेघ धरली, बेरीज केली, वजा केलं. पुन्हा केलं. तिसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं. तिन्ही वेळा एकच उत्तर.

एक्कावन्न किलो उरत होते.

बाबा चौसष्ट किलोचे. मी सत्तेचाळीस. त्यांचे ते तीन मिळवून पन्नास.

ते माझ्याकडे बघत होते आणि मला कळत होतं की ते माझ्याकडे कसे बघताहेत. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही जा. आईला तुम्ही लागाल. थोडे किलो इकडेतिकडे झाले तर काय होतं?" ते म्हणाले, "तार येते चाकाला." मी म्हणाले, मग कॅप्टनना विचारा. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी वहाणा काढून विमानात पाऊल ठेवलं, स्ट्रेचरजवळ वाकून आईच्या कानात "मी येतोच" असं काहीतरी म्हणाले, तिचं पांघरूण पायांकडून सारखं केलं आणि खाली उतरून मला वर ढकललं. त्या विमानात त्यांनी तेवढंच पाऊल ठेवलं होतं, एकवीस-बावीस वर्षांच्या नोकरीत. अगदी मागची एक सीट रिकामीच राहिली. विमान वळताना मला खिडकीतून ते दिसले. खोलीच्या दारात उभे होते, हात पाठीमागे.

विमानातल्या त्या पन्नास मिनिटांबद्दल मी पुढे सगळ्यांना एकच सांगितलं, आईला झोप लागली होती. शहरात तिला थेट आत नेलं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ठरलं होतं. सव्वानऊला ती गेली. बाबा साडेपाचच्या बसनं निघाले होते, ते साडेअकराला पोचले, धुळीनं पांढरे झालेले, हातात आईची चष्म्याची डबी. ती विसरलीस म्हणून आणली, असं मला म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघून नाही अशी मान हलवली, आणि त्यांना कळलं.

मी त्यांना माफ केलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे. कारकुनाला शिव्या देऊन झाल्या, देवाला देऊन झाल्या, मग राहिले बाबा. बेरीज करता आली आणि बायकोजवळ बसता आलं नाही, असं मी एकदा त्यांच्या तोंडावर म्हणाले. ते ताट धूत होते. त्यांनी ते धुऊन ओट्यावर पालथं घातलं आणि दुसरं घेतलं. नंतर त्यांनी एकाच गोष्टीत बदल केला. विमान कितव्या दगडाला उठलं हे कॅप्टनना सांगणं त्यांनी सोडलं. कॅप्टन सुरुवातीला विचारायचे, मग तेही विचारेनासे झाले. माणूस खचलाय, असं सगळे म्हणाले.

अकरा वर्षांनी कॅप्टन निवृत्त होऊन शहरात राहायला आले. तोवर माझा राग जुना झाला होता, म्हणजे गेला नव्हता, पण त्याच्याबरोबर राहायची सवय झाली होती. मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी स्वतः चहा केला आणि बाबांच्या गोष्टी काढल्या. म्हणाले, "काटेकाका म्हणजे भोळा माणूस. लोक सांगतील तेच वजन लिहायचे, कुणाला खोटं पाडायचं नाही. मग मीच काळजी घ्यायचो. इंधनाचा आकडा नेहमी साठ किलो जास्त सांगायचो त्यांना. शेवटपर्यंत कळलं नाही बघ." आणि हसले. अगदी मायेनं हसले.

मी कप खाली ठेवला, कारण हातात राहिला असता तर फेकला असता. हात धुवायच्या निमित्तानं आत गेले आणि बेसिनपाशी उभी राहिले. लोक वजन खोटं सांगतात हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही, एकमेकांना न दुखवता, गुपचूप त्याचा बंदोबस्त केला होता. विमानात कॅप्टन धरून सात माणसं होती. सात त्रिक एकवीस. एकवीस आणि साठ, एक्क्याऐंशी. एक्क्याऐंशी किलो हवा घेऊन ते विमान गेलं होतं, आणि बाबा चौसष्ट किलोचे होते. त्या कारकुनानं बुटांकडे बघितलं ते सुद्धा चाललं असतं. तो बसला असता आणि बाबाही बसले असते.

बाहेर येऊन मी म्हणाले, चहा छान झालाय. म्हाताऱ्या माणसाला काय सांगणार? त्यांनी तीस वर्षांत एकही माणूस दगावू दिला नव्हता. आणि बाबांना काय सांगणार? इतकी वर्षं ते एवढ्याच गोष्टीवर उभे होते, की जागा नव्हती. मी ठरवलं, हे माझ्याबरोबर जाईल. तेव्हापासून माझा त्यांच्यावरचा राग गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा सोसायला कठीण होतं. ते माझ्याकडे राहायला आले, तेव्हा मी त्यांना जेवायला वाढतानाही नजरेला नजर देत नसे.

तेरा वर्षं मी ते पाळलं. बाबा चौऱ्याहत्तरचे झाले. त्यांचंही हृदय थकलं, डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून दिवस मोजायला सांगितले. आमच्या गॅलरीवरून मोठ्या विमानतळाकडे उतरणारी विमानं जायची, तिथे ते खुर्ची टाकून बसत. मोठं विमान सावकाश चालल्यासारखं दिसतं, ते म्हणत, कारण आपण त्याची चाल त्याच्याच लांबीनं मोजतो. त्यांचं वजन त्रेपन्न झालं होतं. ते मी मोजलं होतं, नजरेनं. सांगावं का, हा प्रश्न मला रोज पडायचा. न सांगता गेले तर मी त्यांना फसवून पाठवलं असं होईल, आणि सांगितलं तर त्यांचे राहिलेले दिवस मीच जाळीन.

एका दुपारी फोन आला, कॅप्टन गेले. मी गॅलरीत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांनी खुर्ची जरा माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "आता बोलायला हरकत नाही. ते साठ किलो जास्त धरायचे."

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"कुणी नाही. तुझ्या आईला नेलं त्या दिवशी मी दारात उभा होतो ना? तेवढं वजन, तेवढं ऊन, वारा नाही. तक्त्याप्रमाणे विमान एकतिसाव्या दगडाला उठायला हवं होतं. एकोणतिसाव्याला उठलं. एरवीही ते असंच आधी उठायचं, मी ते चांगल्या इंजिनाच्या नावावर टाकायचो; हिशेब त्या दिवशी पहिल्यांदा केला." त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन दगड. म्हणजे ऐंशीच्या आसपास. त्यातले माझे एकवीस. मग साठ कुणाचे, ते उघडच होतं."

म्हणजे विमानाची चाकं जमिनीवरून उचलली त्याच क्षणी त्यांना कळलं होतं. मी आत होते, मला खिडकीतून ते हात पाठीमागे बांधून उभे दिसत होते, आणि त्यांना कळलं होतं की जागा होती. त्यानंतर अठरा तास बसमध्ये. त्यानंतर चोवीस वर्षं. मी काय काय बोलले होते त्यांना. मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. ते माझ्या डोक्यावर थोपटत राहिले, लहान मुलीला थोपटावं तसं.

रडू ओसरल्यावर मी विचारलं, कॅप्टनना का नाही सांगितलंत?

"सांगितलं असतं तर ते साठ सोडून द्यायचे. माझ्यावर भरवसा ठेवून. आणि मी त्यांच्यावर भरवसा ठेवून माझे तीन सोडले असते. मग एखाद्या दुपारी दोघांचंही चुकलं असतं. आणि ते अजून दहा-अकरा वर्षं उडवणार होते. हातात विमान असलेल्या माणसाला असलं काही सांगायचं नसतं." मग म्हणाले, "दगडाचा आकडा सांगत राहिलो असतो तर कधीतरी त्यांनीही तो तक्त्याशी ताडून बघितला असता. म्हणून तोही सोडला."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. बाबा तिकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तिला झोप लागली नव्हती ना?"

चोवीस वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणाले. नव्हती लागली.

"मला विचारत होती?"

"विमान उठल्याउठल्या विचारलं. बाबा कुठे म्हणाली. तिला पट्ट्यांनी बांधलेलं होतं, मागची सीट तिच्या डोक्यामागे होती आणि मान वळवायचं तिच्यात त्राण नव्हतं. मी सांगितलं, मागे बसलेत. तोल राहावा म्हणून."

बाबांनी डोळे मिटले. मी म्हणाले, मला दुसरं काही सुचलं नाही.

"मग?"

"मग तिला पटलं. इंजिनाच्या आवाजात तुम्हाला ऐकू जायचं नाही, म्हणून ती माझ्या कानात सांगायची आणि म्हणायची, सांग त्यांना. मी मागे वळायचे, त्या रिकाम्या सीटकडे बघून ओठ हलवायचे आणि परत वळायचे. पोचेपर्यंत."

"काय सांगायची?"

"इथलं तिथलं. मशीनवर कुणाचा तरी कुडता अर्धा राहिलाय, तो देऊन टाका. दुधाची पातेली झाकली का. उतरायच्या आधी म्हणाली, त्यांना विमानाची भीती वाटते, कुणाला माहीत नाही, मला माहीत आहे. सांग त्यांना, घाबरू नका म्हणावं. मी आहे पुढे."

गाडी सुरू झाली आणि निघून गेली. बाबांचा श्वास लागला होता, मी उठून पाणी आणायला निघाले, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू काय सांगितलंस तिला?"

"सांगितलं, बाबांनी हो म्हणून मान हलवली."

बाबांनी माझं मनगट सोडलं. मग, सावकाश, त्यांनी मान हलवली.